काजवा नावाचा वार्ताहर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'डोळ्यांपुढे काजवे चमकले' असं आपण म्हणतो ते सणसणीत मार बसला की. खरा काजवा मात्र मुंबईकराच्या डोळ्यांपुढे फारसा येत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात किंवा आरेच्या झाडीत पावसाच्या तोंडावर एखाद-दुसरा दिसतो. थवेच्या थवे बघायचे असतील तर मेअखेरीस भंडारदऱ्याला, राजमाचीला नाहीतर पुरुषवाडीला जायला हवं. तिथे हिरड्याचं, सादड्याचं अख्खं झाड एका तालात पेटतं आणि विझतं. रेडिओवरून हे दाखवता येत नाही, तेव्हा ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी आठवावं आणि ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी पुढच्या ज्येष्ठात जाऊन यावं.

या उजेडाला माणसाने कामाला कसं लावलं आणि कोणत्या कामाला कोणता उजेड निवडायचा हे ठरवताना काय काय घडलं, ते आज सांगायचं आहे. पण आधी घाटकोपरच्या आमच्या चाळीतली एक आठवण.

१९७६ सालची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या काकूंना क्षय झाला. बेडका तपासायला दिला, जंतू सापडले, औषधं सुरू झाली. त्यात रोज एक स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. खालच्या गल्लीतले कंपाउंडर सकाळी येऊन देऊन जात. जंतूवर कुठलं औषध चालतं ते पाहण्यासाठी बेडक्याचा नमुना एका प्रयोगशाळेत वाढवायला ठेवला होता. त्याचा अहवाल आला नवव्या आठवड्यात आणि त्यात लिहिलं होतं, की या जंतूवर स्ट्रेप्टोमायसिनचा उपयोग नाही. तोवर साठ इंजेक्शनं झाली होती. औषधाने जंतूला काही केलं नाही, काकूंच्या कानांना मात्र केलं. त्यांना ऐकू येईनासं झालं ते कायमचं.

यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. जंतूच संथ. आपल्या आतड्यातला साधा ई. कोलाय जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. नळीतल्या थरावर त्याचा डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका उमटायला सहा-आठ आठवडे जातात. त्यात औषध घालून पुन्हा वाढतो का बघायचं, म्हणजे आणखी वेळ. जंतू वाढेपर्यंत थांबायचं नसेल तर तो जिवंत आहे की मेला, हे त्याने स्वतःच सांगायला हवं. ते त्याच्याकडून वदवण्याचा एक मार्ग काजव्याच्या पोटातून निघाला.

फ्रान्समध्ये लियोंला राफाएल द्युबॉ नावाचे प्राध्यापक होते. १८८७ मध्ये त्यांनी उजेड देणाऱ्या एका शिंपल्यावर प्रयोग केला. शिंपल्याचा थंड पाण्यातला अर्क थोडा वेळ चमकला आणि विझला. गरम पाण्यातला अर्क चमकलाच नाही. मग त्यांनी विझलेला थंड अर्क आणि न चमकलेला गरम अर्क एकत्र ओतले, तर पुन्हा उजेड! याचा अर्थ त्यांनी बरोबर लावला. उजेडाला दोन गोष्टी लागतात. एक जळणारी, जी उष्णता सोसते. दुसरी जाळणारी, जी उष्णतेने नासते. जळणारीला त्यांनी 'ल्युसिफेरिन' म्हटलं, जाळणारीला 'ल्युसिफरेज'. आपल्या शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला विकर म्हणतात. ल्युसिफरेज हे असं एक विकर. घरच्या भाषेत, एक तेल आणि दुसरी वात.

पुढे अमेरिकेत प्रिन्स्टनच्या ई. न्यूटन हार्वी यांनी उभं आयुष्य या उजेडात घालवलं. १९१६ साली ते मधुचंद्रासाठी जपानला गेले आणि तिथल्या समुद्रातल्या एका बारीक चमकणाऱ्या जिवाच्या प्रेमात पडून आले. (त्याच जिवाची वाळवलेली पूड दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिक जवळ बाळगत, तळहातावर पाण्याच्या थेंबात भिजवली, की नकाशा वाचण्यापुरता उजेड.) हार्वींच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली. काजव्याचं तेल शिंपल्याच्या वातीला चालत नाही. उजेड निसर्गात अनेकदा स्वतंत्रपणे उपजला आहे आणि प्रत्येक घराण्याचं तेल वेगळं, वात वेगळी.

आता १९४७. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकेलरॉय हे तरुण प्राध्यापक काजव्यांमागे लागले होते. काजवे लागणार हजारोंनी. मग त्यांनी गावातल्या पोरांना सांगितलं, शंभर काजव्यांना पंचवीस सेंट देईन. उन्हाळ्याच्या संध्याकाळी बाल्टिमोरची पोरं बरण्या घेऊन बागांमधून पळू लागली. काजव्यांच्या शेपट्या वाटून काढलेला अर्क चमकायचा आणि विझायचा. त्यात तेलही होतं, वातही होती, हवाही होती, तरी विझायचा. मॅकेलरॉय यांनी त्यात एटीपी घातलं आणि अर्क पुन्हा पेटला.

एटीपी म्हणजे सजीव पेशीतली चलनी नाणी. खाल्लेल्या अन्नाची शक्ती पेशी या नाण्यांत मोडून घेते आणि कामाला खर्च करते. पेशी मेली की ही नाणी झपाट्याने नाहीशी होतात. काजव्याचा दिवा या नाण्यांवर पेटतो, म्हणजे जिथे एटीपी तिथे जीव आणि जिथे जीव तिथे उजेड. मॅकेलरॉय शोधत होते काजव्याचं रहस्य आणि त्यांच्या हाती लागलं जिवंतपणा मोजायचं माप. सेंट लुईसच्या सिग्मा कंपनीने तर पुढे पोरांचा 'काजवा क्लब' काढला आणि १९६० पासून १९९० च्या दशकापर्यंत, एका काजव्याला साधारण एक सेंट या दराने, काजवे विकत घेऊन त्यांचं विकर जगभर विकलं. आजही इस्पितळातलं टेबल किंवा दुधाच्या डेअरीतला पाइप नीट धुतला गेला का, हे बघायला कापसाचा बोळा फिरवून तो एका छोट्या यंत्रात घालतात. आत काजव्याचंच विकर असतं. यंत्रात उजेड दिसला तर जागा अस्वच्छ.

या संशोधनात एक मजेशीर दुरुस्तीही झाली. मॅकेलरॉय यांच्या प्रयोगशाळेने १९६० मध्ये मोजलं होतं, की काजव्याच्या तेलाचे शंभर रेणू जळले तर अठ्ठ्याऐंशी प्रकाशकण निघतात. हा आकडा जवळजवळ पन्नास वर्षं पुस्तकांत छापला गेला. २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी नव्याने मोजला, तर एकेचाळीसच निघाले. काजव्याला त्याने काही फरक पडला नाही.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियात काजव्याच्या विकराचं जनुक वेगळं काढलं गेलं. त्या चमूत मार्लिन डेलुका होत्या. पुढच्याच वर्षी ते जनुक तंबाखूच्या रोपात घालून त्यांनी अंधारात चमकणारं रोप दाखवलं. वर्तमानपत्रांनी त्याचा फोटो छापला, लोकांनी गंमत म्हणून पाहिला. शास्त्रज्ञांच्या लेखी त्याचं मोल निराळं होतं. एखादं जनुक पेशीत कधी जागं होतं हे डोळ्यांनी दिसत नाही. पण त्याच्या बटणाला काजव्याचं जनुक जोडून दिलं, की बटण दाबलं गेल्याची खबर उजेडाने बाहेर येते. अशा जनुकाला इंग्रजीत रिपोर्टर म्हणतात. आपण वार्ताहर म्हणू.

आणि वार्ताहर म्हटला, की कोणाला कुठे धाडायचं हा प्रश्न आला. क्रिकेटचा वार्ताहर विधानसभेत पाठवून चालत नाही.

पाण्यातल्या विषाची खबर हवी असेल तर काजवा फारसा कामाचा नाही, कारण त्याचं तेल दर वेळी बाहेरून घालावं लागतं आणि ते महाग. तिथे समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंचा संच बरा. त्यात पाच जनुकं एका ओळीत असतात. वात तर बनतेच, तेलही जिवाणू स्वतःच गाळतो. १९९० मध्ये अमेरिकेतल्या टेनेसीच्या संशोधकांनी हा संच नॅफ्थलीन, म्हणजे डांबराच्या गोळ्यांतलं रसायन, ओळखणाऱ्या बटणाला जोडला. जिवाणू मातीतल्या नॅफ्थलीनला भेटला की चमकायचा. पुढे पारा आणि आर्सेनिक ओळखणारे जिवाणूही तयार झाले. व्हिएतनामच्या विहिरींच्या पाण्यावर आर्सेनिकचे जिवाणू तपासलेही गेले. पण या वार्ताहराचे नखरे असतात. समुद्रातल्या व्हिब्रिओ फिशरी या जिवाणूचं विकर तीस अंशांच्या वर ढेपाळतं. मुंबईतल्या मे महिन्याच्या दुपारी त्याच्याकडून काय बातमी येणार? म्हणून गरम ठिकाणी मातीतल्या सूत्रकृमींबरोबर राहणाऱ्या फोटोरॅब्डसचं विकर घेतात, ते आपल्या अंगाच्या तापमानालाही टिकतं. दुसरा नखरा जास्त अवघड. पाण्यात दुसरं काही जहाल विष असेल तर जिवाणूच आजारी पडतो आणि उजेड मंदावतो. मग अंधाराचा अर्थ 'पारा नाही' असा घ्यायचा, की 'वार्ताहरच बेशुद्ध' असा?

विहार आणि पवई तलावांकडून निघून साकीनाका, कुर्ला करत माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. पवईच्या आयआयटीत रुची आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातलं फिनॉल, बेन्झिनसारखी घातक रसायनं शोधायला वेगळी वाट धरली. त्यांनी जिवंत जिवाणू नमुन्यात सोडलाच नाही. फिनॉलवर जगणाऱ्या एका जिवाणूचं, फिनॉल ओळखणारं मॉप-आर हे प्रथिन तेवढं काढून घेतलं. फिनॉल चिकटलं की हे प्रथिन एटीपी तोडू लागतं आणि त्याची खूण उजेडाऐवजी रंगाने दिसते. रोहित श्रीवास्तव यांच्या मदतीने त्याचं हातात मावणारं यंत्रही झालं, चार हजार रुपयांच्या आत बनणारं आणि अर्ध्या तासात उत्तर देणारं. नाव 'अ‍ॅरोट्रॅक'. मला यातली व्यवहारबुद्धी आवडते. रंग बघायला अंधारी खोली लागत नाही आणि जनुक बदललेला जिवाणू नदीत सांडेल ही धास्तीही राहत नाही.

शरीराच्या आतली खबर आणायची असेल तर मामला आणखी निराळा. जुहूच्या किनाऱ्यावर २०२० च्या नोव्हेंबरात लाटा निळ्या चमकल्या, तेव्हा लोक रात्री बघायला गेले होते. समुद्रातले दिवे बहुतेक निळेच, कारण पाण्यातून निळा रंग लांब जातो. पण रक्तामांसातून निळा रंग जात नाही, रक्त तो गिळून टाकतं. बॅटरीवर तळहात ठेवून पाहा, लाल तेवढं आरपार येतं. काजव्याचा पिवळसर हिरवा उजेड अंगाच्या उबेत थोडा लालीकडे झुकतो, म्हणून उंदरांवरच्या प्रयोगांत तो बरा पडतो. समुद्रातल्या रेनिला या जिवाचं विकर लहान, एटीपीशिवाय चालणारं. पण त्याचा उजेड निळा आणि त्याचं तेल विकराशिवायही आपोआप थोडं जळत राहतं. म्हणजे घटना घडली नसताना बातमी.

या निवडीशी झगडणाऱ्यांत आपल्या खाडीपलीकडची माणसं आहेत. अभिजित डे आणि प्रीता रे यांनी अमेरिकेत संजीव गंभीर यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. २००४ मध्ये त्यांनी एकाच रेणूत तीन वार्ताहर गुंफले. पहिलं रेनिलाचं विकर, दुसरं लाल चमकणारं प्रथिन आणि तिसरं पेट स्कॅनमध्ये दिसणारं विकर. पुढे निळा उजेड शेजारच्या नारिंगी प्रथिनाला झेलायला देऊन त्याचा रंग बदलण्याची युक्ती त्यांनी सुधारली. खरं तर जेलीफिशची ही जुनीच रीत. दोघंही नंतर खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत आले. कर्करोगात स्टॅट-३ नावाच्या प्रथिनाचे दोन रेणू एकमेकांना चिकटतात आणि पेशीला वाढायचा हुकूम जातो. खारघरच्या प्रयोगशाळेने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या कामात एका रेणूवर उजेड देणारं विकर आणि दुसऱ्यावर तो झेलणारं प्रथिन बांधलं होतं. दोघे जवळ आले की रंग बदलतो. औषध घातल्यावर रंग बदलायचा थांबला, तर औषधाने काम केलं. मध्यंतरी २०१२ मध्ये खोल समुद्रातल्या कोळंबीपासून घडवलेलं 'नॅनोल्युक' हे विकर बाजारात आलं होतं. काजव्याच्या एक-तृतीयांशाहून लहान आणि शंभर-दीडशे पट तेजस्वी. तरीही काजवा निवृत्त झाला नाही. नॅनोल्युकला एटीपी लागत नाही, म्हणजे पेशी जिवंत आहे का, हे त्याला विचारून उपयोग नाही.

आणि काकूंचा प्रश्न तर तोच होता.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात विल्यम जेकब्स यांनी १९९३ मध्ये त्याचं उत्तर मांडलं. क्षयाच्या जंतूलाही खाणारे विषाणू असतात. अशा एका विषाणूत त्यांनी काजव्याचं जनुक बसवलं. विषाणू फक्त जिवंत जंतूतच कामाला लागतो आणि काजव्याचं विकर फक्त एटीपी असेल तरच पेटतं. दोन्हीकडून कुलूप. आता रुग्णाचे जंतू घ्यायचे, त्यांच्यावर औषध टाकायचं, मग विषाणू सोडायचा आणि काजव्याचं तेल घालून अंधारात बघायचं. अंधार राहिला तर औषधाने जंतू मारला. उजेड पडला तर जंतू औषधाला पुरून उरला. 'उजेड पडला' हे शब्द वाईट बातमीसाठी इतके चपखल दुसरीकडे कुठे बसले असतील असं वाटत नाही. महागडं यंत्र नसलेल्या दवाखान्यांसाठी त्यांनी १९९९ मध्ये एक साधी पेटीही केली, आत पोलरॉइडची फिल्म. उजेड असेल तिथे फिल्मवर ठिपका. नाव 'ब्रॉन्क्स बॉक्स'.

आपल्याकडे चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्रात वनजा कुमार यांच्या गटाने हेच काम हाती घेतलं. जेकब्स यांचा विषाणू जंतूला लवकर फोडायचा, त्यामुळे उजेड थोडाच काळ टिके. चेन्नईच्याच मातीत सापडलेला 'चे-१२' हा विषाणू जंतूला लगेच न मारता त्यात मुक्काम करतो. त्याच्यावर दिवा बांधला, तर उजेड जास्त वेळ राहतो. जागेवरची माती आणि जागेवरचा विषाणू घेऊन केलेलं हे काम आपल्या वाचनात फारसं येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग हे मुंबईच्या दवाखान्यांत का आलं नाही? २०११ च्या अखेरीस माहीमच्या हिंदुजा रुग्णालयाच्या झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती छापली. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. त्यावर वाद झाला, सरकारला ते नाव मान्य नव्हतं. पण मुंबईत औषधं चुकत आहेत आणि ते कळायला उशीर होतो, हे सगळ्यांना दिसलं. काजव्याची चाचणी इथे उपयोगी पडली असती, असं वाटतं खरं. पण ती बेडक्यावर थेट नीट चालत नाही, आधी जंतू थोडे वाढवावे लागतात. काजव्याचं तेल थंडीत जपावं लागतं. विषाणू ताजा ठेवावा लागतो. आणि हे सगळं जाणणारा माणूस खोलीत हवा.

दवाखान्यांत पोचलं जीनएक्सपर्ट हे यंत्र. जागतिक आरोग्य संघटनेने त्याला डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली होती. बेडका एका डबीत घालायचा, डबी यंत्रात. सुमारे दोन तासांत क्षय आहे का आणि रिफाम्पिसिन चालेल का, हे कळतं. गंमत अशी, की तिथेही वार्ताहर उजेडच आहे. जंतूच्या जनुकाचा नेमका तुकडा भेटला की चकाकणारे रेणू त्यात असतात. ते संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्येच जगापुढे मांडले. फरक एवढाच, की हे रेणू जनुक बघतात, जीव बघत नाहीत. औषधाने मेलेल्या जंतूचं जनुकही अंगात काही काळ रेंगाळतं आणि यंत्र त्यालाही 'आहे' म्हणतं. म्हणून उपचार लागू पडतोय का, हे बघायला आजही नळीत जंतू वाढतो का याचीच वाट बघतात. नवी औषधं शोधणाऱ्या प्रयोगशाळांत मात्र उजेड देणारे क्षयाचे जंतू रोज वापरात आहेत. औषध घातलं, उजेड उतरला, की खूण करायची आणि पुढच्या औषधाकडे वळायचं.

आमच्या काकू नंतर बऱ्या झाल्या. दुसरी औषधं लागू पडली, त्यांनी नातवंडं पाहिली आणि २००४ साली वयोमानाने गेल्या. चाळीत सकाळी सगळ्यात मोठ्याने लागलेला रेडिओ त्यांचाच असे, आणि तो हळू करा असं त्यांना कधी कुणी सांगितलं नाही.